सेल्फीतलं तेज

लोक ज्याला बघायला आले होते, त्याच्याचकडे पाठ करून उभे होते.

फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह खच्चून भरलं होतं. दिवे मंद केलेले. प्रत्येकाने मोबाइल डोक्याच्या वर धरलेला, सेल्फीचा कॅमेरा सुरू, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर आधी स्वतःचा चेहरा आणि त्याच्या खांद्यामागे, लांब व्यासपीठावर, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस. त्याने उजवा हात वर उचलला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर साधा हात. पण मोबाइलच्या पडद्यावर तळवा उजळला. जांभळट पांढरा, दुधात शाई सांडावी तसा उजेड, तळव्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत पसरलेला.

सभागृहातून एक लांब 'आह' निघाला. माझ्या शेजारची बाई रडायलाच लागली.

"डोळा मनाचा गुलाम आहे," तेजगुरू माइकवर सांगत होते. आवाज मऊ, साय लावल्यासारखा. "डोळा फसतो. यंत्राला ना श्रद्धा, ना अश्रद्धा. यंत्र फक्त असतं ते दाखवतं. म्हणून म्हणतो, पाठ फिरवा. अहंकार मागे टाका. गुरू आणि शिष्य एका चौकटीत येऊ द्या."

म्हणजे सेल्फी काढा. हे सांगायला त्यांना एवढी वाक्यं लागत. दिवे मंद का, तर तेज लाजाळू असतं. तेज फक्त संध्याकाळच्या बैठकीतच का, तर दिवसा वातावरणात संशयाची कंपनं जास्त असतात. सगळ्याला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'सूक्ष्म' हा शब्द होता.

मी तिथे दादाच्या आग्रहाखातर गेले होते. दादा, माझा थोरला भाऊ, तिथला सेवक होता. कंपनी बंद पडून त्याची नोकरी गेली, त्यानंतर वर्षभर तो घरात भिंतीकडे बघत बसायचा. इथे त्याला काम मिळालं, मान मिळाला. सेल्फीची बाजू गुरूंकडे करून मोबाइल स्टँडवर लावायचा, आणि शेवटी लोक पुन्हा समोर वळले की त्यातलं चित्र गुरूंच्या मागच्या मोठ्या पडद्यावर सोडायचं, ही जबाबदारी त्याची. माझ्याकडे नवी लेन्स आल्याचं कळल्यावर तो म्हणाला होता, "मोबाइलच्या फोटोंना दर्जा नाही. तू तुझ्या चांगल्या कॅमेऱ्याने काढ ना. माहितीपत्रकात छापू."

माझा कॅमेरा मिररलेस आहे, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा. मी वाचनालयात काम करते आणि उरलेल्या वेळात रोजचं काहीबाही टिपते. जिन्यातले जोडे, वाळत घातलेल्या चादरींमधून येणारं ऊन, टपरीवरची वाफ. नवी लेन्स पन्नास मिलिमीटरची, प्राइम. म्हणजे हिला झूम नाही. जवळचं हवं असेल तर आपणच चालत जवळ जायचं. पण तिचं तोंड मोठं उघडतं, त्यामुळे अंधूक खोलीतही फ्लॅशशिवाय फोटो येतो, आणि येतो तो असा की कापडाचा धागा न् धागा मोजावा.

मी मधल्या वाटेने पुढे गेले आणि फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. हाताच्या रेषा दिसत होत्या, नखं दिसत होती, मनगटातली काळ्या मण्यांची माळ दिसत होती. उजेड नव्हता.

पुन्हा काढले. पुन्हा तेच. माझ्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात माझा जुना मोबाइल, सेल्फीची बाजू व्यासपीठाकडे. मोबाइलमध्ये तळवा पेटलेला, कॅमेऱ्यात कोरा.

माझा गोंधळ व्यासपीठावरून दिसला असावा. "काय झालं, ताई? सापडत नाही का?" गुरूंनी माइकवरच विचारलं. मी मान हलवली. ते हसले. "लेन्स महागाची आहे. पण तिच्यामागचं मन कोरडं आहे. त्याला कोण काय करणार?"

सगळं सभागृह हसलं. दादा मान खाली घालून उभा राहिला. मी कॅमेरा खाली घेऊन मागे आले, आणि त्या हसण्याचा राग मला घरी येईपर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई खिडकीशी रफू करत बसली होती. आईचं रफू म्हणजे कपड्याला भोक होतं हे नंतर कपड्यालाही आठवू नये असं. सकाळचा उजेड तिच्या हातांवर पडला होता, म्हणून मी लेन्स लावली आणि लागोपाठ फोटो काढत राहिले. ती कात्री घ्यायला हात नेते, धागा कापते, पुन्हा सुई धरते.

संध्याकाळी ते फोटो मोठे करून बघताना माझा हात थांबला. कात्री आईच्या उजव्या बाजूला, मांडीपासून वीतभर अंतरावर होती. आणि पहिल्या फोटोत आईचा हात कात्रीच्या अलीकडे चाचपडत होता. दुसऱ्या फोटोत पलीकडे. तिसऱ्यात तिने मान पूर्ण वळवली होती, आणि मग कुठे कात्री हाताला लागली होती. प्रत्येक वेळी तसंच. बाजूचं तिला दिसतच नव्हतं.

आईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि बाजूची नजर कडेने विझत आत येत जाते. एकदा गेलेली परत येत नाही. रोजचे थेंब घातले की दाब आटोक्यात राहतो, एवढाच उपाय. थेंब घालून द्यायचं काम दादाकडे होतं.

"आई, थेंब घालतेस ना?" मी विचारलं.

ती धागा ओवण्यात फारच गुंतली. "गुरूंनी सांगितलंय, औषध आणि तेज एका भांड्यात राहत नाहीत."

"कधीपासून?"

"झाले काही महिने. दर बैठकीला ते डोळ्यांसमोर हात धरतात. गार वाटतं गं."

मी दादाच्या खोलीत गेले. त्या दिवशी आमच्या घरात जेवढा आवाज चढला तेवढा बाबा गेल्यावर कधी चढला नव्हता.

"तू तिचे डोळे घालवतोयस," मी म्हणाले.

"मी? मी तिला बरी करतोय. तुझ्या डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? बरं होणार नाही, जन्मभर थेंब. गुरू म्हणाले, होईल. मी कोणाचं ऐकू?"

"जो खरं सांगतो त्याचं."

"खरं?" त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. हा माझा. शेजारच्या काकूंच्या मोबाइलमध्ये बघ, बँकेतल्या साहेबांच्या मोबाइलमध्ये बघ. सभागृहभर माणसांचे मोबाइल काय ठरवून खोटं बोलतायत? आणि तुझा एकटीचा कॅमेरा खरा?"

तो प्रश्न बिनतोड होता, हे मला कबूल करावं लागलं. मोबाइलवर कसलीही करामत केलेली नव्हती. माझ्या स्वतःच्या मोबाइलमध्येही मी तो उजेड पाहिला होता. 'मला पटत नाही' हे काही त्याचं उत्तर नव्हे.

आईला मी कशीबशी डॉक्टरांकडे नेलं. ती आली ती दाब उतरल्याचं सिद्ध करायला. डॉक्टर बाईंनी तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं, आणि खुर्ची पुढे ओढून आईचा हात हातात घेतला.

"काकू, दाब खूप वाढलाय. मागच्या वेळेपेक्षा बाजूची नजर बरीच कमी झालीय. गेलेली मी परत आणू शकत नाही. उरलेली सांभाळू शकते. आजपासून थेंब."

आई घरी आली, पण बाटली तिने उघडली नाही. "तेजाला वेळ लागतो," ती म्हणाली. ती घाबरली होती हे मला दिसत होतं. घाबरलेल्या माणसाला 'बरं होईल' म्हणणारा जवळचा वाटतो, त्याला मी काय करणार होते?

मग मावशीचा व्हिडिओ कॉल आला.

मावशी, आईची धाकटी बहीण, दूर राहते, आईकडून तेजाच्या गोष्टी ऐकते आणि रविवारी हमखास कॉल करते. आई माझ्या मोबाइलसमोर बसली. मोबाइलच्या पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू होता, म्हणून आईने बोलता बोलता रिमोट उचलला आणि आवाज कमी करायला बटण दाबलं.

"अगं," मावशी तिकडून म्हणाली, "तुझ्या हातात काय चमकलं?"

"कुठे काय?"

"आत्ता चमकलं. जांभळं. पुन्हा कर बरं."

आईने पुन्हा रिमोट उचलून बटण दाबलं. मावशीने हात जोडले. "ताई, तुझ्यावर कृपा झाली. तुझ्याच हातात तेज उतरलं."

मी आईच्या मागे जाऊन मोबाइलच्या पडद्यात पाहिलं. रिमोटच्या टोकाला असलेला तो इवलासा दिवा जांभळट पांढरा लुकलुकत होता. मग मोबाइलवरून नजर काढून, पुढे वाकून सरळ रिमोटच्या टोकाकडे पाहिलं. दिवा विझलेला. पडद्यात पेटलेला, हातात विझलेला.

तोच रंग. अगदी तोच.

मी कॅमेरा आणला, नवी लेन्स त्या टोकावर रोखली, आईला बटण दाबून धरायला सांगितलं. काही नाही. मोबाइल धरला, लखलखाट. तिकडे मावशी विचारत होती, "अगं, झालंय काय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातली प्रकाशावरची पुस्तकं काढून बसले. गोष्ट इतकी साधी होती की मला स्वतःचाच राग आला. लाल रंगाच्या पलीकडेही प्रकाश असतो. त्याला अवरक्त म्हणतात. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. रिमोट टीव्हीशी बोलतो ते त्याच प्रकाशातून. कॅमेऱ्याला मात्र तो जाणवतो, आणि फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून चांगल्या कॅमेऱ्यात तो अडवणारी काच बसवलेली असते. बऱ्याच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात ही अडवणूक ढिली असते. म्हणून गुरूंना सेल्फी हवी होती. अहंकार मागे टाकायला वगैरे काही नाही. मंद दिवे आणि संध्याकाळची वेळ होती ती भर उजेडात ते तेज फिकं पडतं म्हणून. शिवाय पाठ फिरवली की त्यांच्या हातांकडे थेट कोणाचं लक्ष राहत नव्हतं, हा वरचा फायदा.

म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात उजेड आला नाही, तो मन कोरडं म्हणून नव्हे. कॅमेरा आपलं काम चोख करत होता.

पुढच्या बैठकीला मी पहिल्या रांगेपर्यंत चालत गेले आणि गुरूंचं मनगट टिपलं. घरी फोटो मोठा केला. काळ्या मण्यांच्या माळेत, तळव्याच्या बाजूला, काही मणी वेगळे होते. त्यांच्या टोकाला पाण्याच्या थेंबासारखी पारदर्शक टोपी होती. रिमोटच्या टोकाला असते तशीच.

आईला मी सगळं सांगितलं. रिमोट तिच्या हातात देऊन, मोबाइल तिच्या समोर धरून. ती कितीतरी वेळ बटण दाबत राहिली. मग रिमोट खाली ठेवून म्हणाली, "ती बाटली आण."

मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. ती डोळे मिटून बसली आणि मिटलेल्या डोळ्यांनीच बोलली. "मला गार वाटायचं ना, ते पंख्याखाली बसवायचे म्हणून."

दादाला फोटो दाखवला तेव्हा त्याने नीट पाहिलादेखील नाही. "मणी आहेत. मण्यांना टोपी असू शकते. एवढी खात्री आहे तर सगळ्यांसमोर विचार की. घरात माझ्यावर काय ओरडतेस?"

"विचारते," मी म्हणाले.

"तू नाही," आई म्हणाली. "मी विचारणार. डोळे माझे गेलेत."

बैठकीत शेवटी 'अनुभवकथन' असायचं. ज्याला गुण आला त्याने पुढे येऊन सांगायचं. सेवकाचीच आई म्हटल्यावर माइकवाल्याने तिला लगेच पुढे घेतलं. मी तिचा कोपर धरून पायऱ्या चढवल्या. दादा व्यासपीठावरच्या टेबलाशेजारी, स्टँडवरच्या मोबाइलपाशी उभा होता. गुरूंच्या पाठीमागे मोठा पडदा, आणि पडद्यावर त्यांचा उजळलेला तळवा.

"मला अनुभव आलाय," आई माइकमध्ये म्हणाली. "माझ्याही हातात तेज आलंय."

गुरू प्रसन्न हसले. आईने पिशवीत हात घातला, रिमोट काढला, मोबाइलसमोर धरून बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर तिच्या मुठीच्या टोकाशी जांभळट पांढरा उजेड लखलखला. टाळ्या सुरू झाल्या. आईने टाळ्या थांबू दिल्या.

"हा आमच्या टीव्हीचा रिमोट आहे," ती म्हणाली.

मागच्या रांगांत खसखस पिकली. गुरूंचं हसू जागचं हललं नाही. या धंद्यात माणूस तयार झालेला असतो, हे मला तेव्हा कळलं.

"किती निर्मळ आहे ही माऊली," ते लोकांकडे वळून म्हणाले. "हिच्या भक्तीने हिच्या घरातल्या निर्जीव वस्तूही जाग्या झाल्या. सूक्ष्म कंपनं वस्तूत उतरतात ती अशी."

आणि लोकांनी माना डोलावल्या. पुरावा समोर होता, आणि तो त्यांनी गिळून टाकला होता.

माइकवाला आईच्या हातून माइक घ्यायला आला. मी आडवी झाले. "मग तुमच्याही घरातले रिमोट जागे झालेत का ते आज बघा," मी लोकांना म्हणाले. "जे कधी इथे आले नाहीत, त्यांचेही बघा. सगळे जागे निघतील. मुळात रिमोट तयारच तसा करतात."

"खाली उतरा," माइकवाला म्हणाला आणि त्याने माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा ओढला. कॅमेरा टेबलाच्या कडेवर आदळला. नव्या लेन्सची पुढची कडा चेपल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"तिला हात लावायचा नाही," दादा म्हणाला. तो जागेवरून हललाही नव्हता, पण माइकवाल्याने पट्टा सोडला.

आई अजून गुरूंसमोर उभी होती. तिला ते नीट दिसावेत म्हणून तिने मान पूर्ण त्यांच्याकडे वळवली. "माझी एकच विनंती आहे. ती मनगटातली माळ काढा, आणि मग हात दाखवा. एवढ्या लोकांसाठी नको तर माझ्या डोळ्यांसाठी."

पुढच्या रांगा माळेकडे बघायला लागल्या. नाही म्हणणं आता जड जाणार हे गुरूंनी ओळखलं. त्यांनी माळेवरून अंगठा फिरवला, माळ सावकाश उतरवली, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवली आणि मोकळा हात वर केला.

"घ्या. हा माझा हात. आज तेज दिसलं नाही, तर समजा की संशयाने ते रुसलंय. तेज माझं नाही, मी फक्त वाट आहे."

लोक आ वासून बघत होते. पण त्यांच्या हाताकडे नाही, त्यांच्या मागे. गुरूंना वाटलं, लोक भारावलेत. त्यांनी हात आणखी उंच केला.

मागच्या पडद्यावर त्यांचा तळवा कोरा होता. आणि खाली टेबलावर पडलेली माळ पेटली होती. तिच्या उजेडाने कापडाचा अर्धा भाग जांभळा झाला होता. माळेवरून अंगठा फिरवताना त्यांनी ती बंद करायला मण्यातलं बटण दाबलं खरं, पण ते दबलं की नाही हे कळायला त्यांच्याकडे मार्गच नव्हता. तो उजेड त्यांच्याही डोळ्यांना दिसत नव्हता.

दुसऱ्या रांगेतले एक आजोबा काठीवर उठले आणि अगदी आदराने म्हणाले, "गुरुजी, तेज टेबलावर राहिलंय."

गुरूंनी वळून पाहिलं. मी त्या माणसाचा चेहरा त्याआधी कधी इतका खरा पाहिला नव्हता. त्यांनी माळेवर झडप घातली, पण दादाचा हात आधी पोचला. त्याने माळ उचलली, तिच्यातला मोठा मणी दोन्ही बाजूंनी ओढून उघडला, आणि आतला बटणाएवढा सेल आणि दोन बारीक तारा मोबाइलसमोर धरल्या.

नंतर जे व्हायचं ते झालं. काहींनी माइकवाल्याला घेरलं, काही गुपचूप जिना उतरले. डोळ्यांच्या डॉक्टर, मी आणि आणखी काही जणांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली. तिचं काम चालू आहे. काही जण अजूनही म्हणतात की माळ त्या दिवशी कोणीतरी बदलली. गुरू दुसऱ्या गावी बैठका घेतात असं ऐकते. आता म्हणे तेज पाण्यात उतरतं.

आईची गेलेली नजर परत आली नाही. येणारही नाही. उरलेली टिकून आहे, कारण थेंब रोज पडतात. दादाच घालतो. पहिले काही दिवस बाटली हातात घेतली की त्याला रडू यायचं, आणि आई त्याला म्हणायची, "आधी थेंब घाल, मग रड. हात हलतो तुझा."

जिथे बोलावतील तिथे आम्ही तिघं आता रिमोट आणि मोबाइल घेऊन जातो. परवा एका शाळेत एक बाई आईला म्हणाल्या, "काकू, लोकांच्या श्रद्धेला कशाला धक्का लावता?" आई म्हणाली, "मी कुठे लावला? मी फक्त माळ काढा म्हणाले."

मीही तेवढंच सांगते. न दिसणारं काही असतंच नाही, असं मी म्हणत नाही. आपल्याला न दिसणारा प्रकाश खरोखर असतो. तो आहे की नाही हे कोणालाही, कुठेही, पुन्हा पुन्हा तपासता येतं, आणि तपासणाऱ्याचं मन कोरडं असलं तरी तो तसाच दिसतो. ज्याचा चमत्कार तपासायला घेतला की रुसतो, त्याच्या हाती आपले डोळे देऊ नका. डॉक्टरांचे थेंब बंद करा म्हणणारा कोणीही असो, भर सभेत उभे राहा आणि त्याला हात मोकळा करायला सांगा. लोक हसतील. हसू द्या. तुम्ही उभेच राहा.